आधी त्याचा कागद वाच

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज काल रात्री वाचला, दोनदा वाचला, आणि ठरवलं की फोन करायचा नाही, कारण फोनवर तू चिडणार, मी तुझी समजूत काढत बसणार आणि कामाचं बोलणं राहून जाणार. म्हणून टाईप करतेय. चष्मा शोधायलाच दहा मिनिटं गेली, त्यामुळे आता सगळं लिहूनच उठते.

तर तू त्या कंपनीत कामाला लावलेलं पोरगं चौथ्या दिवशी परत आलं. तीन दिवस काम केलं, सुपरवायझर खूश, चौथ्या दिवशी गेटवर कार्डच लागेना, वॉचमन म्हणे एचआरला भेट, एचआरच्या बाई म्हणे व्हेरिफिकेशनमध्ये रेड आलंय (म्हणजे पोलीस-कोर्टाचं रेकॉर्ड दिसतंय), आम्ही काही करू शकत नाही. आणि तू मला विचारतेयस की ताई, शिक्षा तर भोगून झाली ना त्याची, मग ही वरची शिक्षा कुठल्या कलमाखाली. चांगला प्रश्न आहे. पण मला आधी हे सांग, त्याला शिक्षा झाली होती का मुळात? तू त्याचा कागद बघितलास का? कारण तुझ्याच मेसेजमध्ये तू एकदा 'जेलमधून सुटलेला' लिहिलंयस, एकदा 'रेकॉर्डवाला', आणि एकदा 'त्याच्यावर केस होती'. या तिन्ही एकच गोष्टी नाहीत बाई. एचआरनं जे केलं तेच थोडंफार तूही केलंस, म्हणजे सगळं एका पोत्यात भरलंस. रागावू नकोस. मीही पहिली चार-पाच वर्षं तेच करत होते.

हे बघ, २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या जेलांमध्ये ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरात पंचाहत्तरपेक्षा जास्त जणांचा निकालच लागलेला नव्हता. यातली बरीच माणसं उद्या निर्दोष सुटतील, काहींच्या केसमध्ये फिर्यादीच येणार नाही, काहींची तडजोड होईल. पण गल्लीत त्यांचं नाव काय? आत जाऊन आलेला. बस.

त्यामुळे पहिलं काम, समोर कुणीही येऊन बसलं की त्याची कहाणी ऐक, चहा पाज, पण मग कागद माग. कुठलं पोलीस ठाणं, कुठलं साल, सीआर नंबर, म्हणजे गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक काय, कलमं कुठली, आणि शेवटी झालं काय. त्याला माहीत नसणार हे धरून चाल. दहातल्या आठ जणांना आपल्या केसचं शेवटी काय झालं हे धड सांगता येत नाही, "वकील म्हणाला मिटलं" एवढंच येतं. मिटलं म्हणजे काय मिटलं? साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होती, जिचा कोर्टाशी संबंधच आला नाही? का गणपती-निवडणुकीच्या आधी पोलीस बॉण्ड लिहून घेतात तसली चॅप्टर केस, जिला लोक जुन्या कलमावरून अजून एकशे सात म्हणतात आणि जी मुळात गुन्हा शाबीत झाल्याची गोष्टच नाही? का पोलिसांनीच समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल टाकला, आणि टाकला तर ए, बी का सी? बी समरी म्हणजे तक्रारच खोटी होती असं पोलीस स्वतः कोर्टाला सांगतायत, आणि तरी तो पोरगा घाबरून सांगत फिरतो की माझ्यावर केस होती म्हणून. का चार्जशीट झालं, केस चालली आणि निर्दोष सुटला? का दोषी ठरला आणि बॉण्डवर सोडला? का खरंच शिक्षा भोगली? या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, फॉर्मवर लिहायचं उत्तर वेगळं आहे, आणि जिथे भांडायचं ती जागासुद्धा वेगळी.

तुला एक गोष्ट सांगते, म्हणजे मी कागद कागद का करते ते कळेल. एक पोरगा होता, तेव्हा वीस-एकवीसचा. गणपतीत मंडपामागे पत्ते खेळत बसले होते, जागरण म्हणून, पाच-दहा रुपये लावून, सगळीकडे चालतं तसं. कुणीतरी फोन केला, गाडी आली, सहा जणांना उचललं. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एका काळ्या कोटवाल्यानं सहाही जणांना सांगितलं की कबूल म्हणा, तीनशे-तीनशे दंड भरा, अकराच्या आत घरी. सगळ्यांनी हो म्हटलं. आईनं पदराची गाठ सोडून पैसे दिले, घरी येऊन अंघोळ घातली, विषय संपला. सात वर्षांनी त्याला एका ठिकाणी चांगली, पीएफवाली नोकरी लागत होती आणि फॉर्मवर प्रश्न होता, आपणास न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय. तो माझ्याकडे आला तेव्हा छातीठोक सांगत होता की ताई मी काय केस-बिस नाही, पत्त्याचा दंड होता तो, ट्रॅफिकच्या पावतीसारखा. आणि मी, शहाणी, मला तेव्हा एवढं कळत नव्हतं, मी म्हटलं मग 'नाही' लिही. लिहिलं. पडताळणीत जुगार कायद्याखाली दोषी, दंड, असं निघालं, आणि त्याला काढलं ते पत्त्यांसाठी नाही, खोटं लिहिलं म्हणून. तीनशे रुपयांच्या दंडावर कुणी काढलं नसतं कदाचित. माझ्या एका 'नाही'वर काढलं. आता तो स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, माझ्याशी बोलतो, लग्नालाही बोलावलं होतं, पण तो फॉर्म भरताना त्याचं पेन एक क्षण थांबलं होतं, आणि मी "लिही" म्हणाले होते, ते काही डोळ्यापुढून जात नाही.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करून टाक. एक, जे पोरगं अजून कोर्टात चकरा मारतंय त्याला सांग, कबूल करून मोकळा हो असं कुणीही म्हटलं, वकील, हवालदार, मामा, तर सही करण्याआधी विचार की याचा अर्थ दोषी असा होतो का. आणि किरकोळ प्रकरणात कबूल करणार असेल किंवा दोषी ठरणारच असेल तर वकिलाला त्या दिवशी, निकालाच्या दिवशी, प्रोबेशनचा अर्ज द्यायला लाव. १९५८ चा कायदा आहे, परिविक्षा अधिनियम. त्यात कलम ३ आणि ४ खाली कोर्ट ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बॉण्डवर सोडू शकतं, एकवीसच्या आतला असेल तर तुरुंगात का पाठवतोय याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलम १२, की अशा रीतीनं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. आता याचा अर्थ पाटी कोरी झाली असा नाही हां. सरकारी नोकरीत असलेल्या माणसावर खातं तरीही त्याच्या वागणुकीबद्दल कारवाई करू शकतं असं सुप्रीम कोर्टानंच पूर्वी सांगितलंय. पण नव्यानं उभं राहणाऱ्या पोरासाठी कलम १२ ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी कितीतरी निकालपत्रं बघितलीत ज्यात ते मागितलंच गेलेलं नाही, म्हणून मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट फॉर्मची. जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं, खरं द्यायचं, आणि जे विचारलं नाही ते सांगत बसायचं नाही. प्रश्न शब्दाशब्दानं वाचायचा. 'दोषी ठरला आहात का' याचं उत्तर निर्दोष सुटलेल्यासाठी स्वच्छ 'नाही' आहे. 'कधी अटक झाली आहे का' याचं उत्तर त्याच माणसासाठी 'हो' आहे, आणि पुढे लगेच, अमुक तारखेला निर्दोष मुक्तता, निकालाची प्रत जोडली आहे. 'प्रकरण प्रलंबित आहे का' हा तिसराच प्रश्न. सरकारी भरतीचा साक्षांकन नमुना असतो त्यात हे सगळे वेगवेगळे विचारतात आणि पोरं घाईघाईत खाली खाली 'नाही नाही नाही' करत जातात. २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग निकाल तुझ्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव. तीन न्यायाधीशांचं खंडपीठ होतं. त्यात म्हटलंय की माहिती खरीच द्यायला हवी, पण लपवलं म्हणून आपोआप हाकला असंही नाही, तरुण वयात घोषणा दिल्या किंवा असलाच काही किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणाऱ्यानं ते दुर्लक्षित करण्याचा विचार करावा, आणि जे फॉर्ममध्ये नेमकं विचारलंच नाही ते लपवलं असं म्हणता येत नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कॉन्स्टेबलच्या बाबतीत परत तेच, निर्दोष सुटलेली केस फॉर्मवर लिहिली नव्हती, तरी कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. निवड २००४ ची होती बरं का त्याची. वीस वर्षं. त्यामुळे हे निकाल दाखवून कुणाला "आपण जिंकू" म्हणू नकोस, आधी फॉर्म नीट भरायला लाव.

आणि वय विचार. गुन्ह्याच्या दिवशी तो किती वर्षांचा होता? शाळा सोडल्याचा दाखला मागव. पोलिसांनी अंदाजानं १९ लिहिलंय आणि दाखल्यावर सतरा निघालंय असं होतं, आणि वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो, निकाल लागून गेल्यावरसुद्धा. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४, म्हणजे अपात्रता नाही, आणि कलम ७४ मध्ये तर सरळ लिहिलंय की संपलेल्या केसमधला मुलाचा रेकॉर्ड पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठी किंवा आणखी कशासाठी उघड करायचा नाही. सोळा-सतराचा पोरगा भयंकर गुन्ह्यात मोठ्यांसारखा चालवला गेला असेल तर वेगळं, पण बाकीच्यांना हे संरक्षण आहे. आणि तरीही दाखल्यावर लिहून येतं! का, तर टेबलावर बसलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर दिसलं ते उतरवून काढलं. भांडायला जाऊ नकोस, कलमाची झेरॉक्स आणि दाखल्याची झेरॉक्स घेऊन जा, अर्ज दे, पोच घे. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही ऑफिसातून बाहेर पडायचं नाही, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि तू वहीत लिहूनही घेतलं होतंस.

आता तू म्हणशील, ताई, हे सगळं सरकारी झालं, माझं पोरगं तर प्रायव्हेट कंपनीत होतं. हो. आणि इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. खासगी मालकाला, रेकॉर्ड आहे म्हणून कुणाला नाकारू नको, असं सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाहीये. घरमालकासाठी पण नाही. समानतेचा अधिकार मुख्यतः सरकारविरुद्ध. पण असा कायदा होऊच शकत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला एचआयव्हीचा २०१७ चा कायदा दाखव, त्यात नोकरी आणि भाड्याचं घर दोन्हीत भेदभावाला मनाई आहे, आणि ती खासगी माणसालाही लागू आहे. म्हणजे इच्छा असली की लिहिता येतं. इंग्लंडमध्ये १९७४ पासून कायदा आहे की ठराविक शिक्षा ठराविक वर्षांनी 'संपली' असं धरायचं, मग बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगायचीच गरज नाही. आपल्याकडे शिक्षा संपते पण संपली असं म्हणायची सोय नाही.

अमेरिकेतलं ते नोकरीच्या फॉर्मवरचा 'रेकॉर्ड आहे का' हा चौकोन काढून टाकायचं प्रकरण तू मला मागे पाठवलं होतंस ना, बॅन द बॉक्स. मोठ्या उत्साहात होतीस. मला ते पटतंच, पण पुढचंही वाच. तिथे डेव्हा पेजर नावाच्या संशोधक बाईंनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला होता, २००३ साली तो छापून आला, सारखीच पात्रता असलेली तरुण मुलं नोकरी मागायला पाठवली. रेकॉर्ड नसलेल्या गोऱ्यांना १०० पैकी ३४ वेळा परत बोलावणं आलं, रेकॉर्ड असलेल्या गोऱ्यांना १७ वेळा, आणि काळ्या मुलांना रेकॉर्ड नसताना १४ वेळा, असताना ५ वेळा. वाच परत. रेकॉर्ड नसलेला काळा, रेकॉर्ड असलेल्या गोऱ्याच्याही खाली. मग चौकोन काढले, आणि न्यू जर्सी-न्यूयॉर्कमध्ये सुमारे १५,००० खोटे अर्ज पाठवून तपासलं तर काय, काळ्या-गोऱ्यांमधला फरक आणखी वाढला. कारण मालकाला आता विचारता येईना, तर त्यानं नावावरून अंदाज बांधायला सुरुवात केली.

हे वाचलं तेव्हा मला अमेरिका नाही, आमचं सोलापूर आठवलं. आमच्याकडे अजून लोकांच्या पत्त्यात सेटलमेंट असा शब्द येतो. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, त्याच त्या सेटलमेंट, हजेऱ्या घेतल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून विमुक्त दिन. मग १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला आणि पोलिसांची नजर काही त्या वस्त्यांवरून हलली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाला अजून सांगावं लागतंय की जेलच्या नियमावलीत या जमातींना सराईत म्हणू नका. आता त्यातल्याच पारध्यांची आडनावं बघ, पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण. आडनावावरून कळत नाही. म्हणून मग पुढचा प्रश्न येतो, "पवार म्हणजे कुठले?" गाव सांगितलं की "गावात का वस्तीवर?" आणि मग एकदम जागा भरलेली असते. यातल्या कितीतरी पोरांवर एक एनसी सुद्धा नाही. यांचा चौकोन कुठून काढणार आहेस? मी कॉलम काढायच्या विरोधात नाही, सही मागितलीस तर आधी करेन, पण तू आपल्या इथल्या कंपन्यांशी बोलायला जाशील तेव्हा एवढंच मागू नकोस. त्यांना म्हण की आधी माणूस निवडा, मग पडताळणी करा, काही निघालं तर त्याला कागद दाखवा आणि आठ दिवस उत्तर द्यायला द्या, आणि गुन्ह्याचा या कामाशी काय संबंध ते लिहून ठेवा. दहातली एखादीच ऐकेल. पण जी ऐकेल तिथे तुला पुढची दहा वर्षं पोरं पाठवता येतील.

कामांबद्दल एक घाईत सांगून ठेवते. सुटून आलेल्या प्रत्येकाला सगळे एकच सुचवतात, सिक्युरिटीत लाव. नको. २००५ च्या कायद्यानं कोर्टानं दोषी ठरवलेल्या माणसाला खासगी सुरक्षा एजन्सीत गार्ड म्हणून ठेवता येत नाही. बँकेतही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला चालत नाही. रिक्षाच्या बॅजला पोलीस पडताळणी लागते. हे माहीत नसताना पाठवलं की त्याला परत एकदा नकार खाऊन यावं लागतं, आणि नकाराची पण एक मोजणी असते माणसाच्या आत, ती संपली की तो तुझा फोन उचलत नाही. वेल्डिंग, गॅरेज, केटरिंग, मार्केट यार्ड, प्रिंटिंग, सुतारकाम (येरवड्यात शिकून आलेले सुतार इतके बेस्ट असतात काय सांगू), तिथे लोक हात बघतात.

आता खोली. नोकरीपेक्षा हे जास्त दमवतं, कारण नोकरीला निदान फॉर्म असतो, खोलीला फक्त तोंड. सोसायटीत गेलीस तर सेक्रेटरी म्हणेल पोलीस क्लिअरन्स आणा. असं काही नसतं. पोलीस आयुक्तांचे आदेश निघतात त्यानुसार मालकानं भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, ऑनलाईन भरता येते, आणि कळवली नाही तर गुन्हा मालकावर. कळवायचं म्हणजे परवानगी मागायची असं नाही. रेकॉर्ड असलेल्याला खोली देऊ नका असं त्या आदेशात नसतं. सोसायटीचंही तसंच, आदर्श उपविधींप्रमाणे सभासदानं लिव्ह अँड लायसन्सनं घर दिलं तर सोसायटीला आधी कळवायचं असतं, एनओसीसाठी हात जोडायचे नसतात. हे सगळं मालकाला समजावून सांग, कारण बऱ्याचदा मालक वाईट नसतो, त्याला फक्त वाटतं की आपण अडकू. त्याला दाखव की माहिती भरली की तो सुटला. करार रजिस्टर कर, अकरा महिन्यांचा का असेना. आपल्या माणसाकडे नोंदलेला करार असणं म्हणजे पुढच्या वेळी पत्त्याचा पुरावा असणं.

पण खरं सांगू, माझ्या बहुतेक खोल्या कायद्यानं मिळालेल्या नाहीत. एक बाई होती, नवऱ्याच्या केसमध्ये नऊ वर्षं आत. माहेर नाही, सासर नाही, मुलगा संस्थेत. हडपसरला एका चाळीत खोली बघायला गेलो. मालकीण म्हातारी, ओट्यावर शेंगा निवडत बसलेली, डोकं वर न करता प्रश्न विचारत होती. एकटी का, गॅस आहे का, मांस-मच्छी करते का. मी सगळी उत्तरं तयार करून आणली होती, मधेमधे तोंड घालत होते. मग ती म्हणाली, पाणी पहाटे साडेपाचला येतं, वीस मिनिटं, उठशील का? आणि ही पटकन म्हणाली, उठते की, आत पाचलाच उठवायचे. झालं. माझा जीव खाली. म्हातारीनं पहिल्यांदा वर बघितलं, हातातली शेंग तशीच, जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, मग माझी पण मोटर तूच लाव, माझे गुडघे उठू देत नाहीत. डिपॉझिट दोन हप्त्यांत घेतलं. त्या खोलीत ती सहा वर्षं राहिली.

आणि याच्या उलटं पण केलंय मी. एका पोराला किराणा दुकानात लावायला गेले आणि दुकानदारानं काही विचारलेलं नसताना त्याला विश्वासात घेऊन सांगत बसले की चांगला मुलगा आहे हो, जरा एक केस झाली होती, पण आता सुधारलाय. मला वाटत होतं मी प्रामाणिकपणा करतेय. आठवड्यात अख्ख्या पेठेला माहीत. गल्ल्यात वीस रुपये कमी आले की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायच्या. तो मला काही बोलला नाही, नुसता जायचा बंद झाला. आणि केस काय होती माहितीय? निर्दोष सुटलेला होता तो. म्हणजे कागदावर तो जेवढा स्वच्छ होता तेवढासुद्धा मी त्याला ठेवला नाही, वर 'सुधारलाय' म्हणून आले! त्याची गोष्ट आहे ती, त्याला विचारल्याशिवाय तुझ्या तोंडून जाता कामा नये, माझ्यासमोरसुद्धा नाही. तू तुझ्या मेसेजमध्ये त्याचं पूर्ण नाव लिहिलंयस. मी डिलीट केलंय, तूही कर.

(येरवडा जेलच्या पेट्रोल पंपावर कधी गेलीयस का? कैदी असतात पेट्रोल भरायला. लोक गाड्या लावून शांतपणे रांगेत उभे असतात, वर सांगतात इथे माप चोख मिळतं. त्यातलाच एखादा उद्या सुटून खोली बघायला आला तर तेच लोक काय म्हणतील, हा विचार मी दर वेळी टाकी भरताना करते आणि दर वेळी मागचा हॉर्न वाजवतो.)

बरं, तुझ्या पोराचं. मला वाटतंय ते सांगते. एचआरच्या बाई 'रेड' म्हणाल्या म्हणजे बाहेरच्या एजन्सीचा रिपोर्ट आलाय. या एजन्सी काय करतात, कोर्टांच्या साईटवर नाव टाकतात आणि जे वर येईल ते जोडतात. त्याच्या नावाची आणि आडनावाची माणसं नुसत्या पुणे जिल्ह्यात शेकड्यानं असतील. वडिलांचं नाव जुळतंय का, वय जुळतंय का, पत्ता जुळतोय का हे रिपोर्टमध्ये बघायला लागतं. मी असा रिपोर्ट बघितलाय ज्यात आपला मुलगा २३ वर्षांचा आणि आरोपी ५१. म्हणून आधी त्या बाईंना मेल लिही, फोन नको, आणि त्याच्या नावानं, त्याच्या मेल आयडीवरून लिही, तुझ्या नाही. मला नाकारण्याचं कारण आणि रिपोर्टची प्रत मिळावी, चूक असल्यास कागद देऊ इच्छितो, एवढंच, दोन ओळी, नमस्कार. नाही दिली तर नाही दिली, पण मेल राहतो.

मग ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्याची केस शोध. सीएनआर नंबर, म्हणजे केसचा कोर्टातला ओळख क्रमांक, मिळाला तर वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव. स्टेटस 'निकाली' दिसेल पण निकाल काय ते नीट उघडून बघ, आणि तो स्क्रीनशॉट कुणी मानत नाही, सही-शिक्क्याची नक्कल लागते. नक्कल मिळाली की तीन प्रती. एक त्याच्याकडे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, घरच्यांना माहीत असेल अशा जागी. एक आपल्या फाईलला. आणि एक अर्जासोबत त्या पोलीस ठाण्यात, की सदर गुन्ह्यात माझी अमुक तारखेला निर्दोष मुक्तता झाली आहे तरी आपल्या अभिलेखात नोंद घ्यावी. कारण गुन्हा दाखल झाला की कॉम्प्युटरला त्याच दिवशी चढतो, सुटला की चढायला कुणालाच घाई नसते, आणि पुढचा चारित्र्याचा दाखला त्याच कॉम्प्युटरवरून निघतो. निकालपत्र गुगलवर नावानं सापडत असेल तर तेही मला सांग. २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टानं एका निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकाल सर्चमध्ये दिसू नये असा अंतरिम आदेश दिला होता, त्याला नोकरी मिळत नव्हती म्हणूनच तो गेला होता कोर्टात. आपल्याला परवडेल का बघू, एक वकील आहे ओळखीची, फुकट नाही पण कमी घेते.

आणि समज कागद उघडल्यावर निघालं की तो निर्दोष नव्हताच, खरंच दोषी होता, खरंच केलं होतं त्यानं. तर तुझा आवाज बदलू देऊ नकोस. मला भीती त्याचीच वाटते, कारण तुझ्या मेसेजमधला सगळा राग तो निर्दोष आहे या गृहीतकावर उभा आहे असं मला वाटलं. केलं असेल तरी त्याला पहाटेचं पाणी लागतंच, महिन्याचा पगार लागतोच. त्याच्यासाठी रस्ता दुसरा, एवढंच.

मंगळवारी येते मी. साडेदहाला कोर्टाच्या बाहेर चहावाल्यापाशी. त्याला सांग आधारची झेरॉक्स, असेल तर जुनं वकीलपत्र किंवा जामिनाचा कागद, जे काही आईनं ट्रंकेत ठेवलं असेल ते सगळं पिशवीत घालून आण, काय कामाचं ते आपण ठरवू. कोर्ट फी स्टॅम्पाला सुट्टे पैसे ठेव. आणि त्याला म्हण घरून जेवून ये, नक्कलचा अर्ज आत गेला की किती वेळ बसावं लागेल सांगता येत नाही, आणि उपाशी माणूस कुठल्या तरी खिडकीवर हमखास भांडतो. हे त्याच्यापेक्षा तुझ्यासाठी लिहितेय, डबा आण.